पेशंट हलला का गाठ वाढली

“पेशंट हलला का गाठ वाढली, ते आधी पाहा,” असं म्हणत ताई एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवायच्या, जरासा सरकवायच्या आणि पुन्हा बोटाला बोट लावून बसवायच्या. जालन्यातल्या आमच्या सीटी स्कॅन सेंटरवर त्या टेक्निशियन होत्या. मी रिपोर्ट टाइप करायचो. पेशंटचा जुना स्कॅन आणि नवा स्कॅन कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवून पाहायचे, हे त्यांचं काम. दोन्हीपैकी एका वेळी माणूस वाकडा झोपला, खोकला, मध्येच श्वास सोडला, की चित्रं जुळत नाहीत. जिथली गोष्ट तिथंच असली तरी सरकल्यासारखी, वाढल्यासारखी दिसते.

ताईंना बसणं माहीत नव्हतं. चहासुद्धा खोलीत येरझारा घालत प्यायच्या. “बसा ना, ताई,” म्हटलं की म्हणायच्या, “बसून बराबर दिसत न्हाई मला.” तुम्हीही कुठल्या ऑफिसात असं माणूस पाहिलं असेल, जे समोर असलं की आपल्यालाही उगाच काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. त्या मागून गेल्या की माझं टायपिंग चुकायचं.

राजूरचे एक म्हातारे बाबा मशीनमध्ये गेले की गणपतीचा धावा सुरू करायचे. जबडा हलायचा, चित्र बिघडायचं. ताई आत जाऊन त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “बाबा, मनात बोलवा. त्याला ऐकू जातं.” बाबा गप्प झाले. ताई स्वतः विहारात जाणाऱ्या, पण ज्याचा जो देव असेल त्याला त्या मशीनमध्ये बोलवून घ्यायच्या.

कांताबाईची गोष्ट मात्र मला अजून सुखानं बसू देत नाही. ती अंकुशनगरकडची, ऊसतोडीला जाणारी, एकटीच आलेली. फुप्फुसात खालच्या बाजूला लहानशी गाठ होती, तिचा तीन महिन्यांनी दुसरा स्कॅन. आमचे डॉक्टर संभाजीनगरला बसून चित्रं पाहायचे आणि फोनवर सांगायचे. त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं: गाठ जवळपास दुप्पट झालीय, फुप्फुसाखालच्या श्वासाच्या पडद्याला चिकटल्यासारखी दिसते, तातडीनं तुकडा काढून तपासावा. पाकीट कांताबाईच्या हातात दिलं. ती गेली.

ताई दुसऱ्या पेशंटमधून मोकळ्या झाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरवर ते दोन स्कॅन पाहिले.

“ही बरगडी पाहा,” त्या मला म्हणाल्या. “एकच हाये, पण दोन-दोन दिसून राह्यली. खोकल्या त्या. कॉम्प्युटरनं कणा कण्यावर बसवला, पण श्वासानं खालचं सगळंच सरकलंय.”

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर चिडले. “रिपोर्ट तुम्ही लिहिणार का मी?”

“तुम्हीच लिहा, साहेब. पण त्यांना झोपवलं मी. खोकला माझ्या लक्षात यायला पाहिजे होता. चूक माझी हाये. परत काढू द्या.”

पलीकडे माऊसचे दोन-तीन क्लिक ऐकू आले. मग, “काढा.”

ताई पांढऱ्या कोटात, सेंटरच्या रबरी चपला घालूनच बसस्टँडकडे सुटल्या. मी मागे. अंबडची गाडी निघतच होती. ताई सरळ तिच्यापुढे उभ्या. कंडक्टर ओरडला, “बाई, सरका, गाडी हलवायचीय!”

“हलवू नका!” ताईंनी दरडावलं आणि दारातून आत डोकावल्या. “कोणीच हलू नका. एक बाई पाहिजे मला.”

अख्खी गाडी स्तब्ध झाली. कांताबाई भेदरून उतरली.

सेंटरवर ताईंनी तिला कोमट पाणी दिलं, खोकला बसू दिला, आणि बाकड्याजवळ उभं राहून कितीतरी वेळ श्वास धरायला शिकवलं. “विहिरीत बुडी मारल्यावानी धरा. मी म्हणेपर्यंत वर यायचं न्हाई.” कांताबाई हसली. मग ताईंनी फक्त तेवढाच भाग पुन्हा काढला. चित्र स्वच्छ आलं. बरगडीवर बरगडी, शिरेच्या फाट्यावर फाटा असं त्यांनी हातानं जुळवत नेलं, आणि हात थांबला. बाहेर जाऊन तोंड धुऊन आल्या. पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं.

कांताबाई दारातच होती. “मी हालले व्हते ना, ताई? म्हणूनच तसं दिसलं ना?”

“मघाशी हलल्या होत्या. आता न्हाई हलल्या,” ताई म्हणाल्या. “गाठ दुप्पट न्हाई. पण वाढलीय. संभाजीनगरला जावंच लागंल.”

“मंग मला गाडीतून कशाला उतरवलं?” कांताबाईचा आवाज फुटला. “हेच आयकवायला?”

खरं सांगू? त्या क्षणी मलाही तेच वाटलं होतं. ताई तिची पिशवी उचलून पुढच्या गाडीपर्यंत तिच्यासोबत चालत गेल्या.

तिच्या प्रश्नाचं उत्तर नंतर आलं. हललेल्या चित्रात पडद्याला चिकटलेली वाटणारी गाठ स्वच्छ चित्रात सुटी दिसत होती. तेवढ्यावर मोठ्या दवाखान्यातले सर्जन ऑपरेशनला तयार झाले. तुकड्यात नको तेच निघालं, पण गाठ अख्खी काढता आली. सहा महिन्यांनी कांताबाई गुळाची ढेप घेऊन आली, आणि ताईंच्या गळ्यात पडून इतकी रडली की बाहेरचे पेशंट घाबरले.

गेल्या उन्हाळ्यात ताई गेल्या. सकाळी भोकरदनच्या गाडीनं आल्या नाहीत म्हणून मी फोन केला, तर त्यांच्या मुलीनं उचलला. रात्रीतून हृदय थांबलं होतं.

महिन्याभरानं कांताबाई तपासणीला आली. आत-बाहेर बघत म्हणाली, “आमच्या ताई कुठं हायेत?”

मी सांगितलं. ती भिंतीला धरून खाली बसली. मी पाणी दिलं, ते तिनं तसंच हातात धरलं.

“कळवलं असतं तर आले असते मातीला,” ती म्हणाली. “येवढं तर करू द्यायचं व्हतं.”

माझ्यासमोर रजिस्टर उघडं होतं. तिच्या नावापुढे तिचा फोन नंबर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.