गारखेड्यातला क्ष

दहावीला मी बीजगणितात आपटले. वडिलांनी मला मेंढरांमागून उचललं आणि गारखेड्यात आत्याच्या घरी आणून सोडलं. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं. पास झाले तर कॉलेज, नापास झाले तर आत्याची सून. भावाच्या मुलीवर आत्याचा हक्कच असतो म्हणे. मला विचारतंय कोण! आणि शिकवणार कोण, तर आत्याचाच मुलगा. कुंपणच शेत खाणार, मग राखण कसली?

त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. संचारबंदी लागली, त्याची कंपनी बंद. दोन खोल्यांत आम्ही तिघं. आत्या मात्र खूश. चहा ठेवून मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायची. मला अगदी जीव नकोसा व्हायचा.

तीन क्ष अधिक सात बरोबर बावीस. मी आकडे घालून बघायची. चार बसत नाही, पाच बसतो. उत्तर बरोबर, पण पायऱ्या नाहीत म्हणून मार्क नाहीत. पायऱ्या लिहायला घेतल्या की सात तसेच उचलून पलीकडे मिळवायची आणि एकोणतीस करून ठेवायची.

"सात काढायचे तर दोन्हीकडून काढ की! एकीकडं काढून दुसरीकडं कामून घालती?" तो पेन्सिल आपटायचा.

एकदा मीही भडकले. "मी नापास झाले तर तुमचं काय जातंय? उलट फायदाच हाय."

त्यानं आतल्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली केला. "कंपनीत एक पोरगी हाय. नामांतराच्या मोर्चात जाती. या घरात तिचा विषयबी काढता येत नाय. तू पास हो. लई उपकार व्हतील."

मग काय, आम्ही दोघं हात धुऊन त्या क्षच्या मागं लागलो. डोक्याला डोकं लावून बसलेलं पाहून आत्याला वाटलं, जमलं.

मी पास झाले, कॉलेजात नावही घातलं. आत्यानं पेढा खाल्ला आणि वडिलांना म्हणाली, "शिकू दे हिला. मला हिच्या पाठची दे."

माझ्या पाठची बहीण शाळेत गेलीच नव्हती. तिला पास होऊन सुटायची सोय नव्हती. कंपनीतल्या मुलीचा विषय त्याला शेवटपर्यंत काढता आला नाही. मलाही तो काढायचं धाडस झालं नाही.

लग्नात मी करवली. अक्षता पडल्यावर बहीण माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "अक्का, तू पास कामून झालीस गं?"

मी हमसून हमसून रडले. बायका म्हणाल्या, "थोरलीची लई माया हाय."