माझ्या टाचेचा वाघ

हसणार तुम्ही, मला माहीत आहे. हसा. पण चहा निवायच्या आत मला सांगून टाकू द्या. मध्येच थांबलो तर पुन्हा तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही. चुका काय, सगळ्यांच्याच हातून होतात. माझ्या हातून तर वाघ झाला!

माझी नात रमा. नऊ वर्षांची आहे, अकोल्याला राहते आणि शाळेत जात नाही. नापास झाली म्हणून नाही हो! सूनबाई तिला घरीच शिकवते. अशी आणखी घरं आहेत, अकोल्यात, अमरावतीत. मला ते आधी काही पटलं नव्हतं. पण एक दिवस रमा मला म्हणाली, "आबाजी, तुमी चौथीनंतर शाळेत गेले नाही. मी तर गेलीच नाही. म्हणजे आपण दोघं सारखेच!"

झालं. माझा विरोध तिथंच संपला.

तर या घरी शिकणाऱ्या पोरांचं एक शिबिर निघालं. अकोटच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका संत्र्याच्या बागेत एक रात्र तंबूत राहायचं आणि झाडं, पाखरं, जनावरं ओळखायची. प्रत्येक लेकरासोबत घरचं एक मोठं माणूस पाहिजे, असा नियम. सूनबाईचा पाय मुरगळलेला, माझ्या मुलाला, प्रमोदला, सुटी नाही. तो म्हणाला, पुढच्या वेळी जाऊ. रमा म्हणाली, "काहून? आबाजी येतील ना!"

हिवरखेडला फोन आला आणि मी पिशवी भरली.

इथं माझी एक सवय सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बायको होती तोवर मी कधी खराट्याला हात लावला नाही. ती गेली, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात इतका पाला पडला की मला पाहवेना. तेव्हापासून रोज पहाटे उठतो, अंगण झाडतो, सडा टाकतो. त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

शिबिरात दिवसभर मजेत होतो. शिबिर घेणाऱ्या ताई अमरावतीच्या. फार गोड बाई. "काका, हे झाड कोणतं?" असं मलाच विचारायच्या आणि मी सांगितलं की वहीत लिहून घ्यायच्या. चौथी शिकलेल्या माणसाचं बोलणं लिहून घेतात! माझी छाती केवढी फुगली असेल? पण संध्याकाळी जेवण झालं, आणि मी सवयीनं आडवा झालो. मागून पोरांनी काय केलं, ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर आज तुम्हाला तोंड वर करून भेटलो असतो.

पहाटे बाहेर आलो, तर काय? प्रत्येक तंबूपुढं राख सांडलेली! मध्येच खडे मांडलेले. मी मनात म्हटलं, शहरातली माणसं, रात्री चुलीतली राख कुठंही फेकून दिली. लेकरं अनवाणी फिरतात, खडे रुततील. स्वयंपाकाच्या मांडवामागं खराटा सापडला. मग काय! सहाच्या सहा तंबूंपुढं लख्ख झाडून काढलं. खडे कुंपणापलीकडं फेकले. वर दोन बादल्या पाण्याचा सडा. माझ्या हिवरखेडच्या अंगणापेक्षा साफ!

खुशीत तंबूत शिरलो. रमा जागी होती.

"आबाजी! बाहेर गेले होते तुमी?" ती कुजबुजली.

"काहून व माय?"

"सिटी वाजेपर्यंत कोणी बाहेर पाय नाही ठेवायचा! राखेचे चौकोन केले ना आमी, कडेनं खडे लावून, प्रत्येकाचा एक. रात्री जनावर आलं की त्याचा पाय उमटते. मग आपण पाहायचं कोण आलं होतं." तिनं माझा हात धरला. "माझ्या चौकोनात आलं होतं, आबाजी. मी ऐकलं. खुळखुळ, खुळखुळ, असं वाजत होतं. मी हाललीच नाही."

मी धोतराला लागलेली राख हळूच झटकली.

"गेले होते का तुमी?"

"मांगच्या बाजूनं गेलो होतो, लघवीले," मी म्हणालो.

बघा! आयुष्यात मी या पोरीशी एवढंही खोटं बोललो नव्हतो, आणि ते बोललो पहाटे पहाटे, लघवीच्या नावानं.

"सिटी कधी वाजते?"

"सहाले. मी डोळे मिटून बसते. तुमी पण बसा."

ती खरंच डोळे मिटून बसली. मी मात्र उठलो. तेव्हाच ताईंना उठवून सांगायला पाहिजे होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मी घमेलं शोधलं. चुलीतली गार राख भरली, ओल्या जमिनीवर अंदाजानं सहा चौकोन पसरले, कुंपणापलीकडचे सापडले तेवढे खडे मांडले. पण नुसती राख पाहून लेकरं हिरमुसतील, नाही का? मग एका चौकोनात दोन बोटं टेकवून ससा काढला. एकात मूठ दाबून कोल्हा. शेतात जन्म गेला, एवढं तर येतंच.

रमाचा चौकोन शेवटी राहिला. ती माझी नात. तिला ससा कसा द्यायचा? मी डावी टाच दाबली आणि पुढं हाताच्या अंगठ्यानं चार टिकल्या उमटवल्या. दुरून पाहिलं. झकास पंजा!

तेवढ्यात ताईंची शिट्टी वाजली.

सगळ्यात आधी रमा ओरडली. "आबाजी! ताई! इकडं या!" तिनं पट्टी लावली. "ताई, बारा सेंटिमीटर!"

ताई वाकल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पिशवीतून पुस्तक काढलं, पानं उलटली. "बिबट्याचा एवढा मोठा नसतो," त्या हळूच म्हणाल्या. "हा वाघ आहे. तंबूच्या दारात."

पुढचं काय विचारता! आयांनी पोरं उचलून गाड्यांत कोंबली. अमरावतीचे एक वडील, चांगले धिप्पाड गृहस्थ, गाडीत बसून आतून कुलूप लावते झाले आणि त्यांची बायको बाहेर राहिली. उपमा गार झाला. ताईंनी जंगलखात्याला फोन लावला. "आता पुन्हा कोणी लेकरं पाठवणार नाही माझ्या शिबिराला," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मी? मी लिंबाला टेकून उभा होतो, लिंबासारखाच मुका.

तासाभरात जंगलखात्याचा गार्ड फटफटीवर आला. पंजाजवळ उकिडवा बसला. बराच वेळ पाहत राहिला.

"ताई, वाघ आला तं कुठून आला? एकच पाय हाय. बाकीचे तीन त्यानं कुठं ठेवले?"

त्यानं बोटानं ओली माती उकरून पाहिली.

"आन् त्याच्या आंधी इथं सडा कोन टाकला?"

"पण मी रात्री आवाज ऐकला!" रमा गाडीतून उतरून धावत आली. "खरंच आलं होतं. आबाजीले विचारा! ते इथंच होते. आबाजी खोटं नाही बोलत."

सगळे माझ्याकडं वळले. रमा तर इतक्या भरवशानं पाहत होती की त्यापेक्षा तो वाघ खरा निघून त्यानं मला नेलं असतं तर बरं झालं असतं.

"मी झाडलं," मी म्हणालो. "अंगण समजून झाडलं. मंग भेव वाटलं. वाघ... वाघ मीच होय, ताई."

गार्डनं माझ्या पायाकडं पाहिलं. डावी टाच राखेनं पांढरीफटक! "काका," तो म्हणाला, "नोकरीत पहिल्यांदा धोतर नेसलेला वाघ पाहून राहिलो!"

सगळे हसले. ताईसुद्धा. गाडीचं कुलूप उघडलं, पोरं बाहेर आली आणि मला घेरून म्हणाली, "आजोबा, आम्हाला पण वाघ शिकवा!" मला एकाच जिवाची काळजी होती. रमा हसत नव्हती.

गार्ड तंबूच्या कडेला गेला. दोरीखाली, जिथं खराटा पोचला नव्हता, तिथं त्यानं बोट दाखवलं. "इकडं ये, पोरी. हा पाय, अर्धाच राहिला. सायाळ होय. काटे वाजते तिचे, खुळखुळ. इथून सरळ तुह्या चौकोनात गेली होती."

म्हणजे खरंच आली होती! माझी पोर रात्री श्वास रोखून बसली होती ती उगाच नव्हे. आणि मी ती सायाळ झाडून, वर पाणी शिंपडून मोकळा झालो होतो.

रमानं तो अर्धा ठसा मोजला. वहीत लिहिला. रडली नाही. रडली असती तर मी तिची समजूत तरी काढली असती.

एसटीत अकोल्यापर्यंत ती खिडकीशी बसली. मी भुईमुगाच्या शेंगा सोलून तिच्यापुढं धरल्या. घेतल्या, पण बोलली नाही.

घरी प्रमोद दारातच उभा. "आली का माझी जंगलची राणी! काय काय पाहिलं?"

"सायाळ पाहिली. अर्धी."

"बस? अख्खं जनावर एकही नाही?"

"एक पाहिलं." तिनं चपला काढल्या, नीट ओळीत ठेवल्या आणि माझ्याकडं बोट केलं. "हे. आन् हे वाघापेक्षा डेंजर हाय, बाबा. वाघ निदान ठसे ठेवून जाते. हे झाडून जाते!"