माकुलाच्या नात्यातला देव

माझ्या उजव्या हातावर दोन खुणा आहेत. पंजाच्या पाठीवर भाजल्याची आहे ती सासूबाईंची. मनगटाचं हाड जरा वर आलंय ते भावोजींचं. दोन्ही एकाच दगडापायी. दगड म्हटलं की भावोजी अजून डोळे वटारतात, म्हणून शाळिग्राम म्हणते.

आमचं घर पावसच्या अलीकडे, रस्त्यावरून चार पायऱ्या उतरून खाली. चिऱ्याच्या भिंती, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे हापूसची कलमं. हा शाळिग्राम कोणा पूर्वजाने गंडकी नदीतून आणलेला, तिकडे नेपाळात. आवळ्याहून मोठा, पेरूहून लहान, काळा कुळकुळीत, आणि एका बाजूला बारीक भोक. भोकाशी निरांजन धरलं तर आत चक्राची कड दिसते म्हणत. दिसते म्हणत, कारण बायकांनी त्याला शिवायचं नाही हा घरचा दंडक. लग्न होऊन आले त्या पहिल्याच श्रावणात देवघर पुसताना तो ताम्हनातून घरंगळला आणि मी झेलला. झेलला नसता तर फरशीवर आपटला असता. सासूबाई तडक चुलीकडे गेल्या. चुलीतलं उलथनं आणलं आणि माझ्या पंजावर टेकवलं. वर कोकमाचं तेल लावलं तेही त्यांनीच, आणि रात्री मला भरवलंही.

आमच्यात मारायची अशीच रीत. माया कमी नव्हती, हात मात्र सैल.

माझे यजमान गेल्यावर पूजा भावोजींकडे आली, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे. घरात ते, माझी जाऊ आणि मी. मला मूलबाळ नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्याच मांडीवर वाढला. लहानपणी एकदा तो शाळिग्राम गोट्यांत घेऊन खेळला, तेव्हा भावोजींनी माडाच्या झावळीचा दांडा मोडेपर्यंत त्याला झोडला. पोरगं आठवडाभर पालथं निजत होतं. आणि पुढे शिकला काय, तर दगडच. भूगर्भशास्त्र. आता तिकडे पुण्याला कॉलेजात शिकवतो. सुट्टीत आला की पुस्तकं माझ्या फळीवर टाकून जायचा. मी चौथी शिकलेली, पण दुपारच्या वेळी वाचायला काही लागतंच. मराठीतली वाचली, इंग्रजीतली चित्रं बघितली, आणि अडलं ते विळीवर बसल्या बसल्या त्याला विचारलं. तेव्हापासून मला ठाऊक होतं की आमचा देव म्हणजे काय. घरात बोलले नव्हते. मनगटाची काळजी होती म्हणा.

तर गेल्या नाही, त्याच्या आदल्या वर्षीचं तुळशीचं लग्न. भावोजींचे हात त्या वर्षी थरथरायला लागले होते. अभिषेकाचं पाणी निम्मं सोवळ्यावर सांडायचं. त्यांनी मनाशी ठरवलं, यंदा पूजा मुलाच्या हाती द्यायची. नाहीतर काय करायचं, तेही ठरलेलं होतं: ज्या देवाला पूजणारा नाही तो घरात ठेवायचा नाही, समुद्राला द्यायचा. सासऱ्यांचा शब्द होता तसा. भावोजींनी हे जावेला सांगितलं, मला सांगितलं, शेजारीही सांगितलं. मुलाला विचारलं नाही. बापाने मुलाला विचारायची आमच्यात पद्धत नाही.

मुलगा सकाळी आला. खळ्यात बसून कोयत्याने ऊस छाटले, वृंदावनाला मांडव केला, आवळे-चिंचा खोचल्या. दुपार कलल्यावर भावोजींनी पडवीत पाट मांडला, ताम्हनात शाळिग्राम ठेवला आणि त्याला म्हणाले, बस, उद्यापासून हे तुझं, महिन्यातून दोनदा येत जा, बाकीच्या दिवशी मी कसंबसं करीन. पोरगा पाटावर बसला नाही. अगदी हळू आवाजात सांगू लागला की मी मांडव घालीन, मंगलाष्टकं म्हणीन, तुमचे हात धरून तुमच्याकडून पूजा करवीन, पण माझी म्हणून नको. वर्गात एक सांगायचं आणि घरी दुसरं करायचं, हे मला जमणार नाही.

भावोजी म्हणाले, वर्गात काय सांगतोस ते इथे सांग. आईला सांग, काकूला सांग.

त्याने सांगितलं. हिमालय होता तिथे पूर्वी समुद्र होता. खालून एक भूखंड वर सरकत आलं आणि दुसऱ्यावर आदळलं, मधला समुद्र चिरडून गेला. तळच्या गाळात मेलेले शंखवाले प्राणी होते, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. गाळाचा दगड झाला, दगडाचा डोंगर झाला, गंडकीने डोंगर फोडून त्यांचे गोटे केले. आतलं चक्र म्हणजे त्या प्राण्याचा शंख.

भावोजींना पुराण पाठ. ते म्हणाले, खुळ्या, वृंदेच्या नवऱ्याचं रूप घेऊन विष्णूने तिला फसवलं, तिने शाप दिला की दगड होशील, आणि ती जळून गेली. तो दगड हा. आणि चक्र कोरलं वज्रकीटाने, दातांनी, आतून. तुझ्या बुकाच्या आधी लिहून ठेवलंय.

मी तांदूळ निवडत ऐकत होते. मला वाटलं, दोन्हीकडे चिरडणं आणि जळणंच आहे की. आणि दोघंही म्हणतायत आत किडा होता. एवढ्यावर बोलणं थांबलं असतं तर मी चहा टाकला असता. पण पोराला माझाच नाद, शेवटचा शब्द आपला हवा. तो म्हणाला,

"किडा नाही अण्णा. बंदरावर मासळीच्या टोपलीत ती लिबलिबीत माकुलं असतात ना, त्यांच्या नात्यातला. तुम्ही पन्नास वर्षं माकुलाच्या पणज्याला आंघोळ घालताय."

आमच्या घरात सुक्या जवळ्याचा वास आला तरी खिडक्या लावतात. भावोजींनी समई उचलली. पितळेची, अजून पेटवलेली नव्हती. थरथरणारा हात त्या वेळी थरथरला नाही. समईची बैठक पोराच्या भुवईवर बसली आणि कातडी उघडली. नारळ फुटतो तसा आवाज आला, मी खोटं सांगत नाही. रक्त डोळ्यात गेलं, गालावरून ताम्हनात गळलं.

पोरगा ओरडला नाही, तेच वाईट. त्याने ताम्हनातून शाळिग्राम उचलला, पडवीच्या पायरीवर ठेवला, शेजारी पाटा-वरवंटा होता त्यातला वरवंटा दोन्ही हातांनी वर नेला आणि घातला. पहिल्या घावाला ठिणगी उडाली. दुसऱ्याला दोन शकलं झाली.

भावोजींच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी माणसाचा ऐकलेला नाही. गुरांचा ऐकलाय. खळ्यात उसाशेजारी कोयता पडला होता, तो त्यांनी घेतला. जावेने मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली, त्यांनी कोपराने तिचं तोंड फोडलं. पोरगा पायरीवर तसाच बसून होता, एक डोळा रक्ताने मिटलेला, मान खाली. चुकवायचा विचारही दिसेना. मी मध्ये गेले. काय करणार होते ठाऊक नाही; खाली वाकले आणि दोन्ही शकलं उचलली.

खरं सांगते, त्या घटकेला मी कोयता विसरले. एका शकलात चक्र उभं होतं, बोटाने मोजावेत असे वेढे, वेढ्यांवर फणीच्या दातांसारख्या रेघा. दुसऱ्यात त्याचाच खोल ठसा. जन्मभर ज्याच्या कडेबद्दल नुसतं ऐकलं, ते सगळं माझ्या तळव्यावर.

"वहिनी, खाली ठेवा." भावोजींनी कोयता माझ्यावर धरला होता. "तुम्ही शिवू नका त्याला."

"आधी कोयता ठेवा भावोजी."

"हात तोडीन."

"तोडा," मी म्हटलं. "मुठीत आहे तो. हाताबरोबर जाईल."

त्यांनी मारला. राक्षस नाहीत ते, शेवटच्या क्षणी कोयता उलटा केला, धार वर. पण लोखंड ते लोखंड. मनगट मोडलं ते मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मूठ मात्र सुटली नाही. सोडायची म्हटलं तरी बोटं ऐकेनात. भावोजींनी माझ्या हाताकडे बघितलं, कोयता टाकला आणि खळ्यात मटकन बसले. लग्नाला जमलेली शेजारची पोरं कुंपणाबाहेर चुरमुऱ्यांची वाट बघत उभी होती. कोणीतरी त्यांना घरी हाकललं. तुळस त्या वर्षी तशीच राहिली.

रत्नागिरीला दवाखान्यात आम्ही तिघांनी एकच सांगितलं, विहिरीच्या शेवाळ्यावर घसरलो. डॉक्टर पोराच्या भुवईला टाके घालता घालता म्हणाला, विहीर बरीच मोठी दिसते तुमची. पोरगा तिथूनच पुण्याच्या गाडीत बसला. बापाला भेटला नाही.

भावोजींनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. मग भटजींना बोलावून प्रायश्चित्त विचारलं. भटजींनी शकलं निरांजनाशी धरली, पुष्कळ वेळ बघितली, आणि म्हणाले, मूर्ती भंगली तर विसर्जन, पण शाळिग्रामाला भंगदोष नाही. चक्र आहे तोवर तो आहे. उलट तुमचं चक्र आता दिसायला लागलं. भटजी गेल्यावर भावोजी परसात जाऊन, मी पाहिलं, आंब्याच्या बुंध्यावर कपाळ आपटत होते.

त्यानंतर त्यांचा उजवा हात कामातून गेला. पळीसुद्धा धरवेना. मी वाट बघत होते, कधी म्हणतात चला, समुद्रावर जाऊ. एका सकाळी सोवळं नेसून देवघराच्या दारात उभे राहिले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तसाही तो तुमच्या हाताला लागलेलाच आहे."

तेव्हापासून पूजा मी करते. प्लास्टर होतं तोवर डाव्या हाताने केली. दोन्ही शकलं वेगवेगळी पुसते, वेढ्यांत गंध अडकतं ते मऊ काडीने काढते. विष्णुसहस्रनाम भावोजी दारातून म्हणतात, मधे कुठे चुकलं तर मी सांगते. कधी पुसताना त्या प्राण्याचा विचार येतो, समुद्र मिटत आला तेव्हा कुठे पळाला असेल. कधी वृंदेचा येतो. दोघांनाही पाणी घालते. मनगट ठणकतं.

पोराशी फोनवर बोलते. त्याने एकदा विचारलं की एक शकल वर्गात दाखवायला मिळेल का. मी भावोजींपर्यंत ते पोचवलेलं नाही. पण परवा त्याने कळवलं, यंदा तुळशीच्या लग्नाला येतो. भावोजींना सांगितलं तर म्हणाले, येऊ दे, आणि पाट घासायला काढला. किती पाट घासावेत, दोन.

मी कोयता भाताच्या कणगीत खोल घालून ठेवलाय. ऊस शेजाऱ्यांकडून छाटून आणवीन. वरवंटा जावेने तिच्या पलंगाखाली ढकललाय. समई मात्र लपवता येत नाही, ती लावावीच लागते. ती मी माझ्या बाजूला ठेवणार आहे.