जाड फोडी आधी

पक्षाघातानंतर ह्यांनी पहिल्यांदाच सुरी हातात घेतली, तीही डाव्या. गाजराच्या काही फोडी अंगठ्याएवढ्या झाल्या, काही कागदासारख्या. मला त्या पुन्हा चिरता आल्या असत्या, पण हात लावायचा नाही असं मी ठरवलं. जाड फोडी आधी ओव्हनमध्ये घातल्या, पातळ मागाहून, ढोबळी मिरची अगदी शेवटी. फोडी सारख्या नसल्या तर नसू देत. ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यायचा, एवढं तर माझ्या हातात आहे.

ताटात सगळ्याच फोडी मऊ उतरल्या. ह्यांनी बोटानं एकेक दाबून पाहिली.

“सगळ्या सारख्या भाजल्यात,” हे जड जिभेनं म्हणाले. मग डाव्या हाताची मूठ उघडमीट करत, “उद्या बीट आण. ते जास्त कडक असतं.”