कुलुपातल्या रानात बसलेली मेंढरं

भूत-प्रेत, अंगात येणं... असलं काही माझ्यासमोर बोलायची सोय नव्हती. बारामतीच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. तरीही हे लिहितोय – आणि अर्ध्याहून जास्त लेकीच्या कौतुकापोटी लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आम्ही काटेवाडीला राहायचो. माझी मुलगी ज्योती पुण्याला पीएच.डी. करत होती. ऊन वाढलं, पाऊस घटला तर कुठलं जंगल टिकेल आणि कुठलं वाळेल, याचं ती कॉम्प्युटरवर मॉडेल बनवायची. ते खरं ठरतं का हे पाहायला इंदापूर तालुक्यात माळावरच्या झाडीचे काही तुकडे तिनं तारेचं कुंपण घालून राखले होते. आमच्या सात पिढ्या त्या माळावर मेंढरामागं हिंडल्या, आणि ही तिथंच डॉक्टर होणार... छाती फुगणारच की.

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कळप कधीच विकला होता. पूर्वी शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतानं जमीन सुधारावी म्हणून. नातीचं काम ऐकून आबा म्हणाले होते, "आज मेंढरं असती तर तुझ्या रानात बसवली असती, पोरी." त्याच पावसाळ्यात ते गेले.

पुढच्या उन्हाळ्यात सगळे तुकडे मॉडेलनं सांगितल्याप्रमाणे वाळले. सणसरच्या बाजूचा एक मात्र हिरवागार. तिचे गाइड म्हणाले, कुणीतरी आत जनावरं बसवून खत पाडलं असणार, हा तुकडा प्रबंधातून काढून टाक. नाहीतर पीएच.डी. अडकेल.

आम्ही बापलेक भल्या सकाळी स्कूटरवर तिथं गेलो. कुंपण शाबूत. फाटकाला कुलूप, किल्ली ज्योतीकडं. आत झाडांखाली ताज्या लेंड्यांचा थर... पण एका पानाला तोंड लागलेलं नाही, मातीत एक खूर उमटलेला नाही. हवेत गारवा होता, तरी हात टेकवला तर जमीन ऊबदार, नुकताच कळप उठून गेल्यासारखी. मी हात पटकन मागं घेतला. ज्योती हळूच म्हणाली, "अण्णा, आबांनी बसवली." मी तिला गप्प केलं नाही.

तुकडा तिनं काढला नाही. तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच तुकड्यावर बोट ठेवलं. जनावरं शिरली असतील, एवढं ज्योती म्हणाली असती तरी निभावलं असतं.

"सर, कुंपण शाबूत होतं. खत मेंढराचं होतं. मेंढरं कुठनं आली, मला म्हाईत न्हाय." जीव घाबरला की पुण्याची भाषा सुटून गावची बोली यायची तिच्या तोंडी.

"मग हा तुकडा ठेवलात कशाला?"

"तो तितं हाय, सर. माझ्या मॉडेलशी जुळत न्हाय, म्हणून तो न्हायच असं कसं म्हणू?"

परीक्षकांनी प्रबंध मिटला. मग म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर." माझे डोळे भरून आले, काय लपवायचं त्यात!

ती मेंढरं कुठली, हे आजही ना मला कळलंय ना तिला. प्रबंधात त्या तुकड्यापुढं 'कारण अज्ञात' असं छापलंय. घरी कुणीही पाहुणा आला की मी तेच पान उघडून दाखवतो.