दुपारी पॅच लावणारी रेहाना

रेहानाच्या नंबरवरून रविवारी सकाळी फोन आला, तेव्हा उचलतानाच मी विचारलं, "काय गं, सर्व्हर बंद पडला का?" पलीकडून इकबालभाईंचा, तिच्या नवऱ्याचा, आवाज आला. "ताई, रेहाना गेली... पहाटे छातीत दुखाय लागलं. दवाखान्यात न्हेईपर्यंत..." कळंब्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मला सारखं वाटत होतं, की ती दारातच उभी असेल आणि म्हणेल, "एवढं घाबरायला काय झालं?" खरं तर आमच्या दोघींत घाबरण्याचं काम तिचं होतं.

कोल्हापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात आम्ही बरोबरच लागलो. मी वॉर्डातल्या सिस्टरना संगणक शिकवायची आणि त्यांच्या तक्रारी ऐकायची. रेहानाकडे डेटाबेस सर्व्हर होता. कोण पेशंट कुठल्या खाटेवर आहे, त्याचा रक्तगट कोणता, कुठलं औषध चालू आहे, सगळं त्या एका यंत्रात. ते बनवणारी कंपनी अधूनमधून दुरुस्त्या पाठवते, त्यांना आम्ही पॅच म्हणतो. पॅच लावला नाही तर बाहेरच्या चोराला आत शिरायला फट राहते. लावायचा म्हटलं तर सर्व्हर बंद करावा लागतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा उठेल याची खात्री कुणी देत नाही. पॅचच्या दिवशी भीतीनं रेहानाचा डबा तसाच राहायचा. ती भीती तिनं कधी लपवली नाही. जुन्या यंत्रावर साऱ्या माहितीची प्रत उतरवायची, पॅच आधी तिथं लावून बघायची, आणि मगच खऱ्या सर्व्हरला हात. सगळीकडं ही कामं रात्री करतात. ती मात्र दुपारची जेवणं झाल्यावर करायची. "रात्री बिघडलं तर उठवायचं कुणाला?" ती म्हणायची. "दुपारी समदी माणसं जाग्यावर असत्यात. मी करतो, तू फक्त वॉर्डात सांगून ठेव." अस्सल कोल्हापुरी पोरींसारखी ती 'करतो, जातो' असंच बोलायची. मुलाखतीलाही तसंच बोलली होती.

एकदा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्याचे संगणक चोरांनी पैसे उकळायला बाहेरून कुलूपबंद केल्याची बातमी आली, आणि त्याच सकाळी कंपनीकडून तातडीचा पॅच आला. आमच्या व्यवस्थापक साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, आजच्या आज लावा. रेहानानं नेहमीसारखा प्रतीवर लावून पाहिला. पेशंटची पानं उघडली, बिलं निघाली, सगळं ठीक. मग वॉर्डांना कागदावर लिहायला सांगून तिनं सर्व्हर बंद केला. तो उठेपर्यंत ती काचेच्या दाराला हात टेकून उभी होती आणि मी तिच्या पाठीकडं बघत होते... उठला एकदाचा. साहेबांनी चहा पाठवला. मला हायसं वाटलं, पण तिनं कप तसाच ठेवला आणि म्हणाली, "चल, वॉर्डातनं फिरून येऊ."

बायकांच्या वॉर्डात राधानगरीकडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. पायाची जखम चिघळलेली. सिस्टरनं त्यांचं पान उघडून दाखवलं. नाव, वय, औषधं, सगळं जागच्या जागी. रेहाना निघता निघता थांबली आणि आजींच्या सुनेला तिनं सहज विचारलं, "ह्यास्नी कुठलं औषध सोसत न्हाय का?"

"पेनिसिलीन," सून म्हणाली. "मागं दिल्तं तवा धाप लागल्ती. हितं आल्या आल्या सांगितलंय की आमी."

सांगितलं होतं, सिस्टरनं भरलंही होतं. मला ते आठवत होतं, कारण अशा पेशंटच्या नावापुढं पडद्यावर लाल पट्टी येते. आता पट्टी नव्हती. पुढच्या खाटेच्या पेशंटलाही एक औषध सोसत नव्हतं, तिचीही नव्हती. रेहानाचा चेहरा पांढरा पडला. प्रतीवर तपासताना तिनं पानं पाहिली होती, पट्ट्या पाहायच्या राहिल्या होत्या. संध्याकाळच्या इंजेक्शनांची तयारी समोरच्या टेबलावर चालू होती. "सिस्टर, आत्ता कुणालाच सुई देऊ नका. आधी प्रत्येकाला तोंडानं विचारा," असं सांगून ती जिन्याकडं पळाली. मी बाकीच्या वॉर्डांना फोन करत सुटले.

व्यवस्थापक म्हणाले, वॉर्डांना जपून राहायला सांगा, पॅच राहू दे, कंपनीशी उद्या बोलू. आज काढला तर फट पुन्हा उघडी पडेल.

"साहेब, चोर येईल का न्हाय ते ठाव न्हाय," रेहाना म्हणाली. "संध्याकाळची इंजेक्शनं मात्र येणार हायत. तपासताना चुकलं ते माझं. पॅच मी काढतो, आणि कंपनीचं उत्तर येईपर्यंत बाहेरचं इंटरनेट तोडून ठेवतो."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. तिनं पॅच काढला, पॅचआधीची प्रत परत चढवली, सर्व्हर पुन्हा उठला, लाल पट्ट्या परत आल्या. मधल्या वेळात भरलेल्या नोंदी गेल्या होत्या, त्या आम्ही दोघींनी वॉर्डावॉर्डांत बसून पुन्हा भरल्या. कुणाला काही झालं नाही. कंपनीनं नंतर सुधारलेला पॅच पाठवला. पण त्या संध्याकाळी कँटीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. मी तिचे हात हातात धरले. ती रडली नाही. नुसती म्हणत राहिली, "मी विचारलं नसतं तर, सुनंदा... नुसतं तेवढंच विचारलं नसतं तर?"

ती गेल्यावर सर्व्हर माझ्याकडं आला. नव्या माणसाची जाहिरात निघाली आहे, तोवर मीच. मधे एक पॅच लावला, तिच्या पद्धतीनं, दुपारी. त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही. तेव्हाच साहेबांनी आठवण करून दिली, की सर्व्हरवरचं तिचं खातं अजून उघडं आहे. सोडून गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवणं म्हणजेही फटच. मला ते कळत होतं, आणि तरी मी ते पुढं ढकलत होते.

खातं बंद करायच्या आधी त्याच्या नावानं काय काय चालतं ते बघावं लागतं, नाहीतर बंद करताच भलतंच काहीतरी थांबतं. बघायला बसले. पेशंटच्या साऱ्या माहितीची राखीव प्रत रोज पहाटे आपोआप निघते, ती रेहानाच्या नावानं निघत होती. ती गेली त्या दिवशीही निघाली होती. दफनाच्या दुसऱ्या दिवशी, त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी... पडद्यावर खालपर्यंत एकाखाली एक तिचं नाव, आणि प्रत्येकापुढं 'पूर्ण'.

मी ते काम माझ्या नावावर घेतलं आणि मग तिचं खातं बंद केलं. दुसऱ्या दिवशी लवकर गेले. दिवे लावायच्या आधी पडदा उघडला. प्रत निघाली होती. सगळ्यात वर माझं नाव होतं, आणि त्याच्या खाली रेहाना, रेहाना, रेहाना...