दिल्लीच्या कोर्टात माझ्या मशीनची खडखड

सुप्रीम कोर्टात मी कधी गेले नाही. माझ्या मशीनची खडखड मात्र तिथे जाऊन आलीय, आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. आमचे हे म्हणतात, "अगं, आता भाजीवालाही पुढचं वाक्य आधी बोलतो." बोलू दे. आता लिहूनच ठेवते, म्हणजे निदान यांना तरी पुन्हा ऐकावी लागणार नाही.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात माझा शिवणाचा वर्ग आहे. शटरवाली एक लांबट खोली, सात मशिनी, कटिंगचं टेबल आणि भिंतीवर आरसा. खोली भाड्याची. घेतली तेव्हा आजूबाजूच्या मिला बंद पडत चालल्या होत्या आणि घराघरातल्या बायकांना हाताला काम हवं होतं. मला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. जुनी पोलकी उसवून उसवून मी शिकले. उसवलं की कळतं, आधीच्याने कुठे आळस केला आणि कुठे जीव ओतला. सातवी पास बाई, पण कात्री हातात आली की इंजिनियर.

जुने मालक देवमाणूस होते. ते गेल्यावर खोली मुलाच्या नावावर झाली. सगळी गल्ली त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणते, मीही म्हणते. एका संक्रांतीला आला, पाया पडला, तीळगूळ खाल्ला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकीजी, बुरा मत मानना, अपन को मोबाइल की दुकान डालनी है. खोली चाहिए."

मी म्हटलं, "भिया, तेरी दूसरी दुकान दो शटर छोड़ के बंद पड़ी है, उसमें डाल ले."

"वो अलग बात है, काकीजी."

ती अलग बात काय होती ते त्याने मला सांगितलं नाही, आणि गंमत म्हणजे पुढे कुठल्याच कोर्टातही सांगितलं नाही. त्यावरच सगळं फिरलं, पण ते नंतर. चार दिवसांनी समन्स आलं.

खोली गेली असती तर वर्गच गेला असता. माझ्याकडे येणाऱ्या बायका कुकर लावून येतात, मुलांची शाळा सुटायच्या आत परततात. घरच्यांना सांगतात, "इथेच तर आहे, हाक मारली तर ऐकू येईल." वर्ग दोन चौक लांब नेला असता तरी निम्म्या बायकांना घरून पाठवलं नसतं. नव्या कॉलनीत बेसमेंट घ्या म्हणणारे खूप भेटले. बेसमेंटमध्ये हाक कशी ऐकू येणार?

खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो. कायदा असा की मालकाला स्वतःच्या धंद्यासाठी जागा खरंच हवी असेल तर मिळते, पण त्याच्याकडे दुसरी सोयीची जागा रिकामी नको. असली, तर ती का चालत नाही ते त्याने सांगायला हवं. भियाने अपील केलं. वरच्या जजसाहेबांनी निकाल उलटा दिला: मालकाची गरज खरी आहे, खोली सोडा. तो निकाल मी शब्द लावत लावत पाच वेळा वाचला. त्यात त्या बंद शटरचा उल्लेखच नव्हता! मग आम्ही हायकोर्टात गेलो. त्याचं खंडपीठ आपल्या इंदूरलाच, त्यामुळे रिक्षाने जाऊन येऊन. तिथे म्हणाले, मुख्य पुरावा बघितलाच नाही ही कायद्याची चूक आहे, पहिला निकाल कायम. त्या दिवशी वर्गात पोहे-जलेबी झाली. भियाच्या बायकोलाही पाठवली, कारण ती माझीच शिष्या. तिने खाल्ली आणि निरोप दिला, "जलेबी अच्छी थी, काकीजी. ये दिल्ली जा रहे हैं."

आठ वर्षं झाली होती तोवर. आणि आता दिल्ली, म्हणजे सुप्रीम कोर्ट!

माझ्याकडे शिकलेली, जवळच्या महूच्या छावणीतली एक पोरगी आता इथल्याच भंवरकुआं भागात हॉस्टेलवर राहून वकिलीचं शिकते. आजोबा फौजेत होते, त्यामुळे बोलणं परेडसारखं. तिला बोलावलं. ती म्हणाली, "काकू, तिथे गेलं म्हणजे अपील ऐकतीलच असं नाही. आधी परवानगी मागावी लागते. हे प्रकरण आमच्यापर्यंत यायच्या लायकीचं आहे का, एवढंच आधी बघतात. बहुतेक दारातूनच परत."

"आणि साक्षीपुरावे?"

"ते पुन्हा नाही उघडत. खालच्यांनी घडलेली गोष्ट ठरवली. हे बघणार की ठरवताना कायदा वाकडा गेला का, फार मोठा अन्याय झाला का."

"म्हणजे मुंढ्याचं पोलकं," मी म्हटलं.

ती हसायला लागली, पण तिला कळलं. आमच्या वर्गाचा नियमच तो आहे. शिवलेलं पोलकं गिऱ्हाइकाने परत आणलं की ते थेट माझ्याकडे येत नाही. आधी जिने शिवलं तिच्याकडे जातं. तिला जमलं नाही तर जुन्या शिकलेल्या बाईकडे. ती उलटसुलट करून बघते, माप पुन्हा घेते. तिच्याही हाताबाहेर गेलं तरच माझ्या टेबलावर, आणि मी तेव्हा बाह्या किती लांब हव्या होत्या हे विचारत बसत नाही. मी बघते मुंढा, बाही खांद्याला जोडतात ती कापणी. तो चुकीचा कापला असेल तरच मी कात्री घेते. नाही तर, "बाई, ठीक आहे तुमचं पोलकं, घाला आणि मिरवा." सगळीच पोलकी माझ्याकडे आली असती तर मी कधीच आंधळी झाले असते, आणि पोरी काही शिकल्याच नसत्या.

इतकं कळूनही मी वेड्यासारखं केलंच. वर्गाची हजेरीची वही, पोरींचे फोटो, दोन लग्नपत्रिका (नवरीने शालूवरचं पोलकं स्वतः शिवलं म्हणून) आणि एकवीस बायकांच्या सह्यांचं पत्र, असा गठ्ठा दिल्लीच्या वकीलसाहेबांना पाठवला. त्यांचा फोन आला.

"माताजी, ये शादी के कार्ड किसलिए?"

"जजसाहब को दिखाने के लिए."

"माताजी, जो नीचे की अदालत में नहीं दिखाया, वो यहाँ नहीं दिखाते. आपका केस अच्छा है, उसको अच्छा रहने दीजिए." मग म्हणाले, "कार्ड सुंदर हैं."

तारीख लागली तेव्हा ते म्हणाले, यायची गरज नाही, लिंक पाठवतो, घरून बघा. फक्त माइक बंद ठेवायचा आणि काही झालं तरी बोलायचं नाही. आमचे हे म्हणाले, "साहेबांनी शेवटची अट अवघड घातली."

घरून कशाला, आम्ही वर्गातच जमलो. भंवरकुआंची पोरगी टॅब घेऊन आली. टॅब माझ्याच पायमशीनवर ठेवला, मागे दोऱ्याच्या रिळाचा टेकू, मी स्टुलावर, बायका मागे दाटीवाटीने. मशिनी सगळ्या बंद. मीच सकाळी बजावलं होतं, आज कुणी पायडलला पाय लावायचा नाही.

आमचा नंबर यायला वेळ होता, आणि तो वेळ माझा इतका छान गेला की काय सांगू! दोनच न्यायमूर्ती, पण समोर येणारं प्रत्येक प्रकरण निराळ्या दुनियेतलं. आधी कुणाच्या जामिनाचं. मग परदेशातून आलेल्या कसल्या यंत्रावर कुठला कर लावायचा त्याचं. तिथे तर वकील लोकांनी यंत्राचे एवढे भाग सांगितले की माझ्या डोक्यात गिरणीच सुरू झाली. मग एका शिक्षिकेच्या नेमणुकीचं. मग आईबाप वेगळे झालेल्या मुलीचं. तिथे मोठ्या न्यायमूर्तींचा आवाजच बदलला. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि दोघांना आधी एकत्र बसून बोलायला पाठवलं. पोरगी माझ्या कानात मराठी करत होती. काही प्रकरणं पुढे ठेवली, एकात दुसऱ्या बाजूला नोटीस काढली, बाकीची परत. पण परत पाठवतानाही प्रत्येकाला साधारण एकच गोष्ट विचारत होते: खालच्या निकालात चूक काय, ती दाखवा.

मागून एक जण म्हणाली, "काकू, यांना सगळंच कसं येतं?"

मी म्हटलं, "तुला नाही येत? शाळेचा ड्रेस येतो, सलवार येते, उशीचा अभ्रा येतो."

"पण अभ्र्याला मुंढा नसतो."

"म्हणून तर आधी बघायचं, समोर काय आलंय!"

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. भियाचे वकील उभे राहिले. मोठे वकील, आवाज भरदार. ते सांगायला लागले, गरज खरी आहे, अशील बेकार आहे, आणि हो, भाडेकरूचा वर्ग तर आता नावालाच उरलाय, खोली बहुधा बंदच असते.

आता तुम्ही सांगा, मी गप्प कशी बसणार? तोंड मी मिटलं होतं, देवाशपथ. पण न्यायमूर्तींचे चेहरे बारीक दिसत होते, म्हणून मोठे करायला टॅबला बोट लावलं, आणि ते बोट नेमकं माइकच्या चित्रावर पडलं. आणि माझा पाय! चाळीस वर्षांची सवय. जीव घाबरला की पाय पायडलवर जातो. खडखडखडखड... कापड नाही, दोरा नाही, मशीन नुसती पळतेय.

दिल्लीत सगळे थांबले. धाकटे न्यायमूर्ती हिंदीत म्हणाले, "ये आवाज़ कहाँ से आ रही है? कोई सिलाई कर रहा है क्या?"

पोरीने झडप घालून माइक बंद केला. मागे बायकांनी पदर तोंडात कोंबले. आमच्या वकीलसाहेबांना हसू आवरत नव्हतं. ते म्हणाले, "माय लॉर्ड, शायद वही क्लास है जो बंद रहती है."

सगळीकडे हशा. मला वाटलं, जिंकलो! माझ्या मशीनने साक्ष दिली! पण मोठे न्यायमूर्ती हसता हसता थांबले आणि म्हणाले, हा आवाज रेकॉर्डवर नाही. वर्ग चालतो की बंद असतो, दोन्ही आम्ही इथे ऐकणार नाही. मग भियाच्या वकिलांकडे वळून एकच प्रश्न: दुसरं दुकान का चालत नाही, हे तुमच्या अशिलाने कुठे सांगितलंय? पान दाखवा.

वकिलांनी पानं चाळली. खूप चाळली. मागच्या बायका माझ्या खांद्यावरून टॅबवर वाकल्या.

पान नव्हतंच. मग हायकोर्टाच्या निकालात हात घालायचं आम्हाला कारण दिसत नाही, असं म्हणून याचिका फेटाळली. पुढचा नंबर! आठ वर्षांचं भांडण, चार-पाच मिनिटांत. मला तर कळलंच नाही. पोरगी ओरडली, "काकू, खोली आपली!" तेव्हा कुठे बायकांनी गलका केला, आणि मग सातही मशिनी एकदम सुरू. आता माइक बंद होता, आम्हाला कुणाची भीती? आमचे हे शटरबाहेर उभे होते, घाबरून आत आलेच नव्हते. आत डोकावून म्हणाले, "हरलो का? एवढा गोंधळ?"

एक सांगते, मला आधी थोडं वाईटच वाटलं होतं, माझ्या मशीनचं म्हणणं त्यांनी ऐकलं नाही म्हणून. मग विचार केला, आज माझी खडखड ऐकून निकाल दिला असता, तर उद्या आणखी कुणाची तरी खडखड ऐकून त्याच्या विरुद्ध दिला असता. नाही ऐकली तेच बरं. मुंढा बघितला त्यांनी.

चार दिवस भिया दिसला नाही. पाचव्या दिवशी शटरमध्ये उभा, हातात कॅरीबॅग, मान खाली. पाया पडला.

"काकीजी, वो मशीन आप ही चला रही थीं ना?"

"पैर चला रहा था, भिया. मैं तो चुप थी."

हसला बिचारा. दोन शटर सोडून त्याच्या बंद दुकानात रंगारी कामाला लागला होता, ते मी सकाळीच पाहिलं होतं. विचारलं नाही. मग त्याने पिशवीतून लाल पोलकं काढलं. बायकोचं, माहेरच्या लग्नासाठी आमच्याच वर्गात शिवलेलं. "टाइट हो रहा है. आप देख लो ना ज़रा. सीधे आप ही के पास लाया हूँ."

मी चष्मा पुसला. शिवण छान होती, आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, भरपूर सोडलेली. दोन बोटं उसवली की झालं. मुंढ्याला तर काही झालेलंच नव्हतं.

पोलकं घडी करून मी त्याच्या हातात परत दिलं आणि खिडकीजवळच्या मशीनकडे बोट दाखवलं. "जिने शिवलंय ती तिथे बसलीय. पहले उसके पास जाओ, भिया. मेरा नंबर बहुत बाद में आता है."

तो गेला मुकाट. तिच्यापुढे दोघी आधीच बसल्या होत्या, आणि कुणी न सांगता तो लाइनीत तिसरा बसला.